आरोग्याचा हिशेब आणि त्याचा वाचक

एखाद्या औषधावर किंवा लसीवर सरकारनें पैसा खर्च करावा कीं नाहीं, हा प्रश्न आतां केवळ वैद्यांचा राहिलेला नाहीं. २०१७ सालीं भारत सरकारच्या आरोग्य संशोधन विभागानें अशा उपायांचें मूल्यमापन करणारी व्यवस्था उभी केली. खर्च किती आणि त्यापासून निरोगी आयुष्याचीं वर्षें किती लाभतील, याचें गणित मांडून ती शिफारशी करते. हें गणित संगणकावरील कोष्टकांत असतें व जाणत्यासही तें सहज उलगडत नाहीं. म्हणून अलीकडे त्याला सुबोध दर्शनी रूप देण्याची खटपट चालू आहे : कळ सरकवावी, आंकडा बदलावा आणि निकाल चित्ररूपानें समोर यावा. ही खटपट सोयीची बाब आहे कीं न्यायाची, याचा विचार येथें करावयाचा आहे.

इंदापूर तालुक्यांतील सणसर हा उसाचा मुलूख; भवानीनगरचा साखर कारखाना शेजारींच. काट्याच्या यंत्राची रचना तेथील प्रत्येक शेतकरी जाणतो असें नाहीं. परंतु काट्यावरचा आंकडा त्याला वाचतां येतो, आणि संशय आल्यास दुसऱ्या काट्यावर तो ताडूनही पाहतां येतो. त्याचा विश्वास उभा राहतो तो या दोन गोष्टींवर. त्याच शेतकऱ्याच्या घरांतील आजारपणाचें वजन ज्या काट्यावर होतें, तो मात्र त्याला दिसतही नाहीं.

आणि त्या काट्यांत केवळ मोजमाप नसतें. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून रक्षण करणारी लस घ्या. ती ९ ते १४ वर्षांच्या मुलीस द्यावयाची; तिचें फळ बहुतांशीं कित्येक दशकांनंतर मिळावयाचें. अर्थशास्त्राचा प्रघात असा कीं, भविष्यांतील लाभास वटाव लावावा. भारतीय मूल्यमापनांत हा दर सालीना शेंकडा ३ धरतात. या दरानें तीस वर्षांनंतरचीं १०० निरोगी वर्षें आज सुमारें ४१ भरतात. दर ५ केला तर २३ च उरतात. एका आंकड्यानें मुलीची लस आणि आजच्या रोग्याचें डायालिसिस यांमधील पारडें फिरूं शकतें. पुढच्या पिढीचें आपण किती देणें लागतों, या प्रश्नाचें उत्तर त्या आंकड्यांत दडलेलें असतें.

तज्ज्ञ म्हणतील कीं, अजाणत्याच्या हातीं कळ दिली तर तो हवा तो निकाल काढील. आक्षेप पोकळ नाहीं; परंतु तो मोह तज्ज्ञासही होतो, आणि त्याचें कोष्टक पाहणारे थोडे असतात. खरी भीति निराळीच आहे. सुबक चित्र माणसास समजल्याचा भास देतें. चार कळा दाखवून चाळीस गृहीतकें झांकणारें दर्शन दुर्बोध कोष्टकाहून अधिक फसवें. कारण कोष्टकापुढें माणूस आपलें अज्ञान निदान ओळखतो. म्हणून सुलभतेची कसोटी रंगांत नाहीं. मोजलेलें काय आणि मानलेलें काय हें वेगळें दिसावें, प्रत्येक आंकड्याचें मूळ त्याच्या शेजारीं असावें, अनिश्चितता लपवूं नये, आणि हें सारें शुद्ध मराठींत, साध्या मोबाइलवर वाचतां यावें.

शिवाय, डोळ्यांनी न दिसणाऱ्यास तें ऐकतां यावें. या शास्त्रांत अंधाचें एक वर्ष बहुधा पूर्ण वर्षाहून कमी धरलें जातें. तें योग्य कीं अयोग्य, हा वाद मोठा आहे. पण ज्या गणितांत त्याच्या आयुष्याचें मोल ठरतें, तें त्यालाच वाचतां येऊं नये, याहून मोठा विपर्यास कोणता?

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां निरक्षर रयत कागदाच्या जाळ्यांत कशी नागवली जाते, हें त्यांनीं दाखविलें. २०१७ पासून महाराष्ट्राची जन आरोग्य योजना त्यांचें नांव धारण करीत आहे. त्या नांवाशीं इमान राखावयाचें, तर ‘हा आंकडा कोठून आला?’ असें सणसरच्या ग्रामसभेंत कोणीं विचारल्यास उत्तर त्याच पानावर सांपडलें पाहिजे. गणित सर्वांना मांडतां येणार नाहीं. तें कोणत्या समजुतीवर मांडलें, हें विचारण्याचा अधिकार मात्र ज्याच्या आयुष्याचा हिशेब चालला आहे त्या प्रत्येकाचा आहे.