आजोबांचे घड्याळ



स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे पाटेक फिलिप ही घड्याळांची कंपनी आहे. १८३९ सालापासून आम्ही बनवलेले कोणतेही घड्याळ आम्ही दुरुस्त करू, असा तिचा शब्द आहे. आजोबांकडून नातवाकडे आलेली घड्याळेही अशी आपल्या निर्मात्याकडे परत जातात. आत कोरलेला क्रमांक जुन्या दप्तराशी ताडला की ते कोणत्या साली घडवले, हे कळते.

पुष्कळदा ते घड्याळ चालू असते. मग दुरुस्ती कशाला? कारण आतले तेल सुकलेले असते. काटे फिरतात, पण आतले भाग कोरडे घासून झिजत असतात. कारागीर सारे यंत्र उघडतो, धुतो, झिजलेला भाग बदलतो आणि नवे तेल घालतो. बाहेरचे चरे मात्र घासू नका, असे जाणकार मालक सांगतो. घासले की मूळ धातूच कमी होतो.

आपलेही असेच असते. मिस्सा चुकत नाही, कामधंदा चालू आहे. पण वडिलांच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी अबोला आहे. तेल कधीच सुकले आहे!

प्रायश्चित्त संस्कारात आपण आपल्या निर्माणकर्त्याच्या हाती जातो. तो आपल्याला नावानिशी ओळखतो. आयुष्याचे चरे राहतील. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांच्या खुणा होत्या. घड्याळ बंद पडण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात पापनिवेदन करा आणि घरी जाताना भावाचे दार ठोठावा.

आमेन.