सत्ता : मालकी की ठेव?

ज्याला जनतेने मत दिलेले नाही, त्याला जनतेवर राज्य करण्याचा नैतिक अधिकार पोचतो काय? हा प्रश्न आपल्यालाही सर्वस्वी परका नाही. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांना आपले पहिले राष्ट्रपती म्हणून निवडले ते संविधान सभेने. पहिली सार्वत्रिक निवडणूक तेव्हा व्हावयाचीच होती. आपल्याकडे ते निर्विघ्न पार पडले. या प्रश्नाची खरी कसोटी मात्र मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकात लागली.

मार्च २०१३ मध्ये सेलेका या बंडखोर आघाडीने राजधानी बांगी काबीज केली. एप्रिलमध्ये एका हंगामी परिषदेने बंडखोरांचे नेते मिशेल जोतोडिया यांना अध्यक्ष निवडले. उमेदवार एकच! बंदुकीने जे आधीच ठरविले होते, त्यावर सभागृहाने केवळ शिक्का उमटविला. पुढे सेलेकाच्या अत्याचारांचा अँटी-बलाका टोळ्यांनी तितक्याच निर्घृणपणे सूड उगविला. ख्रिस्ती व मुसलमान शेजारी एकमेकांना भिऊ लागले. त्या काळोखात बांगीचे आर्चबिशप न्झापालेंगा यांनी इमाम कोबिन लायामा यांना आपल्या घरी आसरा दिला, हे आपण विसरू नये.

जानेवारी २०१४ मध्ये जोतोडिया पायउतार झाले आणि विस्तारलेल्या त्याच परिषदेपुढे पुन्हा अध्यक्षनिवड आली. सदस्य आताही लोकनियुक्त नव्हते. बदलले होते ते नियम. सशस्त्र टोळीशी संबंध असलेल्यास उमेदवारी नाही. आणि जो निवडला जाईल त्याने पुढील निवडणुकीस उभे राहावयाचे नाही. २० जानेवारीस दुसऱ्या फेरीत बांगीच्या महापौर कॅथरिन सांबा-पांझा ७५ विरुद्ध ५३ मतांनी विजयी झाल्या. दोन्हीकडच्या तरुणांना ‘माझी मुले’ म्हणून त्यांनी शस्त्रे खाली ठेवण्याची विनवणी केली.

त्यांच्या कारकिर्दीत रक्तपात पूर्णपणे थांबला नाही, निवडणुकाही लांबल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बांगीच्या कॅथेड्रलचे पवित्र दार उघडले व दुसऱ्या दिवशी मशिदीसही भेट दिली. त्यानंतर महिनाभरात मतदान झाले. सांबा-पांझा उमेदवार नव्हत्या. ३० मार्च २०१६ रोजी लोकनियुक्त अध्यक्ष तुआदेरा यांनी शपथ घेतली आणि त्या बाजूला झाल्या.

पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. जनतेच्या मतांनी आलेल्या याच तुआदेरांच्या राजवटीत, २०२३ मध्ये, सार्वमत घेऊन अध्यक्षपदाच्या दोनच कार्यकाळांची मर्यादा काढून टाकण्यात आली. जनतेने न निवडलेली स्त्री ठरल्याप्रमाणे निघून गेली. जनतेने निवडलेल्या पुरुषासाठी मात्र मुदतीची अट उरली नाही.

म्हणून मतदान निरर्थक ठरते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ती परिषद लोकांची जागा घेऊ शकत नव्हती; लोक मत देऊ शकतील त्या दिवसापर्यंत जागा राखणे एवढेच तिचे काम होते. परंतु सत्ता कोणत्या दाराने आली एवढे पाहून भागत नाही. ती ठेव म्हणून सांभाळली की मालकी म्हणून भोगली, हेही पाहावे लागते. ठेव ज्याची त्याला परत करावयाची असते.

आपल्या धर्मग्रामाच्या समित्या, सहकारी संस्था, मंडळे यांतही बिनविरोध निवडी होतात आणि खुर्च्या वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे राहतात. कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या हिशेबात किल्ल्या वेळेवर परत केल्या की नाही, हेही विचारले जाईल.