दवाखाना बांधला म्हणजे आरोग्य आले काय?

पनवेलजवळील करंजाडे ज्यांनी पूर्वी पाहिले असेल, त्यांस आज ते ओळखू येणार नाही. सिडकोने तेथे वसाहत वसविली आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी लोक साहजिकच विचारितात, "आमच्याकरिता मोठा दवाखाना कधी होणार?" प्रश्न रास्त आहे. परंतु दवाखाना बांधला एवढ्याने आरोग्यव्यवस्था सुधारली असे होते काय, हाही प्रश्न आपण विचारावा असे आम्हांस वाटते.

सिडकोची स्थापना 1970 साली झाली. त्याच साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने अवर्षणग्रस्त जामखेड तालुक्यात कामास आरंभ केला. प्रथम त्यांनी खेड्यांत शिकलेल्या परिचारिका पाठविल्या. पण ते साधले नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या बायांस शिकवावे असे ठरले. त्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. सुरक्षित बाळंतपण कसे करावे, जुलाब होणाऱ्या मुलास मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, हे त्या शिकल्या व त्यांनी शेजारणींस शिकविले. लोकांची पहिली गरज पाण्याची होती, म्हणून कूपनलिका खोदल्या. त्यांतील काही दलित वस्तीत होत्या. तेव्हा इतरांस पाण्याकरिता तेथे जावे लागले.

कोणी म्हणेल, निरक्षर बाईच्या हाती जीव कसा सोपवावा? ही शंका पोकळ नव्हे. अडलेल्या बाळंतिणीस शस्त्रक्रियाच लागते, आणि म्हणून जामखेडास रुग्णालयही चालविले गेले. परंतु बाई अडली आहे हे वेळेवर ओळखणारे माणूस गावातच असले पाहिजे. नाही तर रुग्णालय असूनही उपयोग काय? तात्पर्य, व्यवस्था बदलते ती ज्ञानवंत आपले ज्ञान वाटतो तेव्हा. आणि ज्ञान वाटावयाचे तर मोठेपणाही थोडा सोडावा लागतो. हेच सर्वांत कठीण आहे.

पुढे 2005 साली सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आरंभिले व साधारण 1000 लोकवस्तीस एक आशा नेमण्याचे ठरविले. गावची बाई गावाचे आरोग्य राखू शकते, हे तत्त्व देशाने मान्य केले. परंतु तिला नोकर न म्हणता स्वयंसेविका म्हटले, म्हणून तिला नियमित वेतनश्रेणी नाही. कामागणिक मोबदला व मानधन मिळते. 2021 व 2023 साली महाराष्ट्रातील आशांस संप करावा लागला. भरवसा तर ठेवावयाचा, पण त्याचे मोल द्यावयाचे नाही, हा न्याय नव्हे. सेवा हा शब्द गोड आहे. परंतु दुसऱ्याची मजुरी राखून ठेवण्यास तो पडदा होऊ नये.

तेव्हा वाचकहो, दवाखाना अवश्य मागा. पण उन्हातान्हात दारी आलेल्या आशाताईस आपण घरात बसवितो की उंबऱ्यावरूनच परत लावितो? तिचे ऐकतो काय? तिच्या हक्काकरिता ग्रामसभेत एक शब्द तरी बोलतो काय? आरोग्यसुधारणेचा हा भाग सरकारच्या नव्हे, आपल्या हाती आहे.