अर्धी हकीकत

विमान उड्डाणयोग्य ठेवणं कुणाचं काम, असं विचारलं की आपण इंजिनिअरकडे बोट दाखवतो. पण टेक-लॉगवर, म्हणजे विमानाच्या नोंदवहीवर, सही करून विमान ताब्यात घेतो तो कप्तान. निघण्यापूर्वी विमानाभोवती फेरी मारून ते पाहायचं आणि उतरल्यावर वाटेत जाणवलेले सगळे बिघाड लिहून ठेवायचे, ही त्याची जबाबदारी. मला यातली दुसरी अधिक अवघड वाटते. लिहिताना आपल्यावरचा धोका टळलेला असतो. लिहायचं असतं ते आपल्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्यासाठी.

२८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचं बोईंग ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला निघालं. हवेशी विमानाचा कोन मोजणारा, बालीत नुकताच बदललेला सेन्सर सुमारे २१ अंश चुकीचं सांगत होता. कप्तानाच्या हातातला नियंत्रण दांडा इशारा देत थरथरू लागला, विमान पुन्हा पुन्हा नाक खाली घालू लागलं. वैमानिकांनी नाक वर-खाली करणारी शेपटीच्या ट्रिमची मोटर बंद केली, ट्रिमचं चाक हाताने फिरवत विमान जकार्ताला सुखरूप उतरवलं. कौतुक करावं असंच काम.

मग कप्तानाने नोंद केली. वेग आणि उंचीच्या आकड्यांत तफावत, एक इशारादिवा लागला, एवढंच. थरथरणारा दांडा नाही, मोटर बंद करावी लागली हेही नाही. इंजिनिअरनी लिहिलेल्या तक्रारींपुरती साफसफाई आणि चाचणी केली. सेन्सर तसाच राहिला. दुसऱ्या सकाळी तेच विमान १८९ जणांसह जावा समुद्रात कोसळलं.

सगळं खापर त्या कप्तानावर फोडणं अन्यायाचं होईल. नाक खाली ढकलणारी यंत्रणा एकाच सेन्सरच्या भरवशावर चालवायची आणि वैमानिकांना तिचा पत्ताही द्यायचा नाही, हे बोईंगचं पाप फार मोठं. इंडोनेशियाच्या तपास अहवालाने अपघाताला हातभार लावणारी नऊ कारणं दिली. अपुरी नोंद हे त्यांतलं एक. ती पूर्ण असती तर विमान वाचलंच असतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण इंजिनिअरचा हात निदान योग्य जागी जाण्याची शक्यता वाढली असती.

उतरल्यावर थकवा असतो, घरची ओढ असते. जास्त लिहिलं तर विमान अडकून पडेल, वरून विचारणा होईल, ही धास्तीही कुठे कुठे असते. अशी धास्ती घालणाऱ्या साहेबाची सही टेक-लॉगवर कधीच नसते.