पाहुण्यांसाठी रचलेला दगड

ग्वाल्हेरमधल्या इंदरगंजच्या चौकात सकाळी लवकर या. दुकानांची शटरं अजून खाली असतात, टेम्पोंची वर्दळ सुरू व्हायची असते. एका कडेला उभे राहा. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या, त्याला आवरू नका. आपल्याला इथून जवळच, जयेंद्रगंजच्या बाजूला, जयविलास राजवाड्याशेजारच्या उषा किरण पॅलेसपाशी जायचं आहे. आज ते ताज समूहाचं हॉटेल आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते शिंदे सरकारांच्या पाहुण्यांसाठी बांधलं गेलं.

निघण्याआधी पायाखालच्या जमिनीकडे लक्ष द्या. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची फौज ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ ठोकून राहिली. त्या तळालाच लोक लष्कर म्हणू लागले आणि पुढे शहराचं नावही तेच पडलं. मनात एक राहुटी उभी करा. तिची खुंटी जमिनीत किती खोल जाते? फार तर हातभर. कूच करायची वेळ आली की उपटायची आणि निघायचं. त्या तळावरच्या कुणाला तरी पहिल्या पावसाळ्यात वाटलं असेल, यंदा दोन भिंती घालू. कुणी तुळस लावली असेल. शेजारी विहीर खणली गेली असेल. विहीर खणणारा माणूस लगेच उठून जात नाही.

मग चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ, महाडिक की गोठ अशा वस्त्या झाल्या. शिंदे की छावनी ही तर इंदरगंजपासून हाकेच्या अंतरावर. नावं उच्चारून पाहा, एकेक, सावकाश. या गावात आपली मराठी माणसं बाहेरून आली. त्यांना पाहुणे म्हणणं थोडं सौम्यच होईल, कारण ती तलवारी घेऊन आली होती. तरीही परक्या मुलखात पहिली रात्र काढणाऱ्या माणसाच्या मनातली धाकधूक त्यांनाही चुकली नसणार. तिच्यापाशी क्षणभर थांबा.

आता चालायला लागा.

दोन पिढ्यांनंतर चित्र उलटलं, बाहेरून आलेलेच यजमान झाले. 1874 मध्ये जयाजीराव शिंद्यांनी जयविलास उभा केला. त्यानंतर थोड्याच काळात, 1876 मध्ये, इंग्लंडचा युवराज एडवर्ड ग्वाल्हेरला आला आणि दरबार हॉल पाहुण्याच्या स्वागताला सजला. तिथली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची ताकद अजमावण्यासाठी वर हत्ती चढवले होते, असं ग्वाल्हेरमध्ये आजही अभिमानानं सांगतात. वाडा रचला तो मायकेल फिलोज यांनी. फिलोज घराणं मूळचं इटलीतल्या नेपल्सचं आणि पिढ्यान् पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत राहिलेलं. यजमान दख्खनचा, वास्तुकार नेपल्सच्या रक्ताचा, दगड ग्वाल्हेरचा. या वाड्यापाशी बाहेरून आलेल्या माणसांच्या किती वाटा एकत्र येतात, ते पाहा.

माधवराव शिंद्यांच्या काळात पाहुण्यांची ये-जा वाढली. 1905 च्या अखेरीस युवराज जॉर्ज आला. व्हाइसरॉय येत, शिकारी येत, इतर संस्थानांतले राजे येत. पाहुण्याला वाड्याच्या एखाद्या दालनात उतरवून भागण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याला स्वतंत्र घर हवं होतं, आणि ते घर यजमानाच्या वाड्याला लागूनच हवं होतं. ते अंतर मला फार समजूतदार वाटतं. पाहुण्याला एकटेपण मिळावं आणि हाक मारली तर यजमानानं ती ऐकावी, एवढंच.

ते घर म्हणजे उषा किरण. आता तिच्या दगडी जाळीसमोर थांबा. इथं जितका वेळ लागेल तितका घ्या.

दगड ग्वाल्हेरच्या भोवतालचा वालुकाश्म, फिकट, सायीच्या रंगाकडे झुकणारा. पाथरवट आधी पातळ फरशी तासून सपाट करतो. तिच्यावर नक्षी आखतो. मग एकेक छिद्र छिन्नीनं उघडत जातो. छिद्र वाढतं तसा उरलेला दगड बारीक होतो, आणि शेवटची छिद्रं पाडताना तो सगळ्यांत नाजूक असतो. हातोड्याचा एक घाव जड पडला तर आधीचे सगळे दिवस वाया जातात, कारण तुटलेल्या जाळीला ठिगळ लावता येत नाही. हे हस्तकौशल्य ग्वाल्हेरला नवं नव्हतं. किल्ल्याच्या पायथ्याशी सोळाव्या शतकातल्या मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यात अशा जाळ्या आहेत, आणि त्या पाहिल्यावर उषा किरणमधले हात कुठल्या परंपरेतून आले हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या पाथरवटांतला एकही जण या इमारतीत रात्रभर झोपला नसेल. त्याच्या हाताची आठवण मात्र प्रत्येक पाहुण्यानं भिंतीवर पाहिली.

जाळीजवळ तळवा धरा, दगडाला न लावता. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. छिद्रांतून आत शिरताना वाऱ्याचा वेग वाढतो. उन्हाचे तुकडे होऊन ते फरशीवर पडतं आणि डोळ्यांना दिपवत नाही. मागे खोल व्हरांडा असतो, म्हणजे खोलीची भिंत थेट उन्हात येतच नाही. उंच छतामुळे गरम हवा माणसाच्या डोक्यावर राहते. त्यावर वाळ्याचे ओले पडदे. विजेचे पंखे येण्याआधीच्या माणसाला उन्हाळ्यात झोप लागावी, यासाठी एवढं सगळं रचलेलं होतं. मोठेपणाचा दिमाख जयविलासमध्ये भरपूर आहे. इथं जे दिसतं ते पाहुण्याच्या झोपेची काळजी आहे, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. 1948 मध्ये मध्य भारत हे राज्य झालं, जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले, 1971 मध्ये राजांचे तनखे बंद झाले. देशभरातल्या राजघराण्यांना वाडे सांभाळणं जड जाऊ लागलं होतं. जयपूरचा रामबाग 1957 मध्येच हॉटेल झाला होता. बऱ्याच वाड्यांना हॉटेल होण्यासाठी आपला जुना स्वभाव सोडावा लागला. राणीवशाच्या जागी रिसेप्शन आलं, देवघरात कपाटं आली. उषा किरणला तसं काही सोडावं लागलं नाही. ती पाहुण्यांसाठी जन्माला आली आणि आजही पाहुणेच ठेवते. फरक एवढाच की पूर्वी बोलावणं लागे, आता भाडं द्यावं लागतं. लष्करातल्या सामान्य घरांना दोन्ही काळांत तिचा उंबरठा उंचच राहिला, ही खंत मनात येते. ती झटकू नका. तिच्यासह परत फिरा.

परतताना इंदरगंज ओलांडून एखाद्या गोठीत शिरा. तिथल्या जुन्या वाड्यांनाही तोच फिकट दगड आहे. हॉटेलची जाळी राखायला पैसा आहे, माणसं आहेत. गोठीतल्या वाड्याच्या सज्जाखाली मात्र दगडाचे पापुद्रे सुटताना दिसतील. जवळ जा आणि सांधे पाहा. पांढरट, किंचित भुरभुरीत दिसतो तो चुना. करडं आणि कठीण असेल ते सिमेंट, कुणीतरी प्रेमानंच पण घाईनं भरलेलं. वालुकाश्म पावसाचं पाणी पितो आणि ते चुन्याच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर टाकतो. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल दगडाच्याच अंगातून बाहेर पडते, बरोबर क्षार आणते आणि नक्षी पापुद्र्यापापुद्र्यानं गळते. वाड्याचे मालक भेटले तर त्यांना हे सांगा. जुन्या कामाला पुन्हा चुनाच भरायचा आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायचा.