दया आणि दस्तऐवज

तेरेखोलची खाडी ओलांडली की आमच्या सिंधुदुर्गाचा मुलूख संपतो आणि गोव्याचा पेडणे महाल लागतो. तथापि बोली, माड, मासळी आणि सोयरीक दोन्ही तीरांवर एकच असल्याने पेडण्यात 1935 साली जन्मलेल्या शशिकलाताई काकोडकरांना परमुलखातल्या म्हणणे आम्हांला अवघड जाते. खाणमालक दयानंद बांदोडकरांची ही कन्या, वडिलांच्या निधनानंतर 1973 च्या ऑगस्टात गोवा, दमण व दीवची मुख्यमंत्री झाली. पद वारशाने आले, हे खरेच. पण वारशाने आलेल्या सत्तेचा विनियोग ताईंनी कोणासाठी केला, हे पाहिल्यावाचून त्यांच्याविषयी मत बनवणे अन्यायाचे होईल.

भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. घर त्याच्या कष्टाचे, पण खालची भुई परक्याची आणि अंगणातला माडही परक्याचा. भिंतीचा ढासळलेला चिरा बसवायचा, तरी आधी भाटकाराची मर्जी पाहावी लागे, आणि मर्जी फिरली की पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही चूल उचलावी लागण्याचे भय मानेवर कायम असे. सगळेच भाटकार निष्ठुर नव्हते. अडल्या वेळी तांदूळ देणारे, लग्नकार्याला हात सैल सोडणारे पुष्कळ होते. परंतु त्यांच्या चांगुलपणाची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती, आणि ज्याची नोंद नाही ते पुढची पिढी पाळीलच असा भरवसा कोणी द्यावा? ताईंच्या कारकिर्दीत 1975 साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि 1976 साली कूळकायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. ज्या संपन्न थरात त्या स्वतः वावरत होत्या त्या थराच्या नाराजीचे ओझे पत्करून केलेले हे काम मला त्यांच्या सर्व पदांहून मोठे वाटते.

चांगुलपणा आणि नोंदलेला हक्क यांतल्या या फरकावरून मला अमेरिकेतल्या ॲलिस रॉबर्टसन या बाईंची आठवण होते. ओक्लाहोमातील मस्कोगी गावी त्या सावोक्ला नावाची खानावळ चालवीत. 1920 साली त्या अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, आणि खानावळीच्या रोजच्या पदार्थांच्या जाहिरातीतच आपला प्रचार छापून निवडून आल्या. त्या सभागृहात पोहोचणारी ही केवळ दुसरी स्त्री. पहिल्या महायुद्धात आगगाडीने जाणाऱ्या सैनिकांना स्टेशनवर जाऊन स्वखर्चाने खाऊ घालणारी ही माउली. पण माता-बालकांच्या आरोग्यासाठी सरकारी निधी देणारा 1921 चा कायदा आला तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले, आणि त्याच सैनिकांना सरकारने जादा रक्कम द्यावी या प्रस्तावालाही त्यांची संमती मिळाली नाही. 1922 मध्ये त्या पराभूत झाल्या. त्यांच्या अंतःकरणाविषयी मला यत्किंचित शंका नाही. स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हक्कात लाचारी दिसू लागते, आणि आपण हाताने वाढलेले अन्न मात्र पुण्य वाटते, हा दोष सज्जनांतच अधिक आढळतो. आमच्या किनाऱ्यावर दानशूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरांतही, सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाचे नाव चढवायची वेळ आली की कपाळाला आठ्या पडतात.

ताईंनाही या कामाचे बक्षीस मिळाले नाही. 1979 च्या एप्रिलात स्वपक्षाचेच आमदार फुटले आणि सरकार कोसळले. 2016 साली त्या वारल्या. कायदा मात्र राहिला, आणि त्या कायद्यान्वये आपल्या घराखालची जमीन विकत घेण्यासाठी अर्ज केलेल्या मुंडकारांची कितीतरी प्रकरणे मामलेदार कचेऱ्यांत तारखांमागून तारखा घेत पडून राहिली. ती निकालात काढणे हेच ताईंचे खरे स्मारक; पुतळ्यासाठी वर्गणी मागायला येणाऱ्यांना मी हेच सांगेन.