सोळा तासांचं अंतर

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती? भूगोलाचे मास्तर सांगतील, सुमारे १२,५०० किलोमीटर. विमान कंपनीवाला सांगेल, साधारण सोळा तास. आणि आमच्या शेजारच्या काकू सांगतील, ''अहो, कसलं अंतर! रात्री दोनला बसायचं नि सकाळी साडेसातला उतरायचं!''

काकूंचं काही चूक नाही. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. म्हणजे जाणाऱ्याला एवढे तास चक्क विनातारण कर्जाऊ मिळतात. परतताना मात्र त्यांची पै न पै वसुली होते! वारं पाठीशी असल्यामुळे तेव्हा विमान जरा लवकर पोचतं, एवढीच काय ती सूट.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला होण्यापूर्वी विलायतेची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात. प्रवासाला महिने लागत. कालव्यानं ते काम तीनेक आठवड्यांवर आणलं. १९४८ साली एअर इंडियाचं विमान कैरो-जिनिव्हा करत लंडनला पोचलं, १९६० साली बोइंगनं न्यूयॉर्क गाठलं आणि २००७ पासून तर मुंबईहून कुठंही न थांबता थेट जाता येऊ लागलं.

आणि इथंच घोटाळा झाला. बोटीच्या काळात वडील गेले नि विलायतेतला मुलगा आला नाही, तर त्याला कोणी नावं ठेवत नसे. मध्ये समुद्र होता ना! समुद्रानं अशा सगळ्या मुलांना घाऊक माफी देऊन टाकली होती. आता तेराव्याला जमलेली मंडळी बुंदीचा लाडू फोडता फोडता म्हणतात, ''सोळा तासांवर तर आहे, यायला काय झालं?'' त्या सोळा तासांत रजा धरलेली नसते, व्हिसा धरलेला नसतो, ऐन वेळच्या तिकिटाचा भाव तर नसतोच नसतो. आणि म्हणणाऱ्यांत एखादा असा असतो, की जो ठाण्याला राहतो आणि दादरच्या आईला दिवाळीच्या दिवाळी भेटतो. त्याचं अंतर कोण मोजणार? लोकलनं जेमतेम पाऊण तास!

मग प्रश्न असा, की जाणं शक्य झालं म्हणजे ते कर्तव्य झालं का? मला वाटतं, झालं. पण लोक समजतात त्या दिवशी नव्हे. निरोप आल्यावर धावत सुटलेला मुलगा वेळेवर पोचला काय नि न पोचला काय, ज्याच्यासाठी धावायचं तो माणूस गेलेला असतो. त्या सोळा तासांचा जाब कोणी कोणाला विचारू नये. समुद्र देत होता ती माफी आता आपणच द्यायला हवी.

आधीच्या वर्षांचा हिशेब मात्र ज्यानं त्यानं स्वतःशी मांडावा. आई 'इतक्या लांबून कशाला येतोस, खर्च किती!' म्हणते, तेव्हा तिला विमानाची वेळ तोंडपाठ असते. ते विमान तेव्हा पकडायचं असतं. ठाण्याहून लोकलही.